नलवडे काकांचं ‘दुसरं काय?’

शबाना मुकादमवर अन्याय झाला तो यंदा, १९९७ साली, गणपतीच्या आदल्या सोमवारी, दुपारी तीन वाजता. आमच्या तळोज्याच्या कारखान्यात तिच्या पासवर्डनं कॉम्प्युटरवर गेटपास निघाला आणि ट्रकभर ड्रम बाहेर गेले. शबाना डिस्पॅचची क्लार्क. त्या वेळी ती रजेवर, आजारी आईला घेऊन पनवेलच्या दवाखान्यात! तरी निलंबित तीच.

हे होणार, असं ओरडून सांगणारा एकच माणूस होता, आणि त्याला सगळा कारखाना चक्रम म्हणतो. आमचा कॉम्प्युटर सांभाळणारे नलवडे काका. मूळचे साताऱ्याकडचे, नेरूळला माझ्याच वरच्या मजल्यावर एकटे राहतात. एकदा त्यांचं दार वाजवलं.

“कोन?”

“मी सुहास, खालचा.”

“हे झालं एक. दुसरं काय?”

“काका, आवाज ओळखत नाही?”

“आवाज कुनीबी काढतंय. काल माजं काय नेलंस?”

“इस्त्री.”

“मग दाखव.”

जिना उतरून इस्त्री आणली, तेव्हा कडी निघाली!

कारखान्यातही तेच. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांचे पासवर्ड लिहून घेऊन आपल्या टेबलाच्या काचेखाली लावलेले. “आपण एक फॅमिली आहोत. फॅमिलीत लपवाछपवी कशाला?” चहावालासुद्धा कप ठेवता ठेवता वाचायचा. काकांनी उपाय काढला. प्रत्येकाला आकड्यांचं वेगळं कार्ड. पासवर्ड टाकला की कॉम्प्युटर त्या कार्डावरचा एखादा आकडा विचारणार. डोक्यातलं एक, खिशातलं एक. दोन्ही जुळलं तरच आत.

आठवड्याभरात साहेबच आपलं कार्ड सीवूड्सला घरी विसरले. भर ऑफिसात काका म्हणाले, “साहेब, पासवर्ड झाला एक. दुसरं काय?” ऑफिस फिदीफिदी हसलं. जेवणाच्या सुट्टीआधी कार्डं बंद! साहेबांचा अपमान झाला ना.

आणि आता हेच साहेब म्हणतात, “पासवर्ड तिचा, म्हणजे चोर ती.” अहो, तो तुमच्याच काचेखाली होता! लाज कशी वाटत नाही?

तणतणत मी काकांकडे गेलो. चौकशीत बोलाल का, विचारलं. नोकरी त्यांचीही जाऊ शकते. ते बराच वेळ इस्त्रीच्या वायरचा पीळ सोडवत राहिले.

“दादा माजा गिरनीत होता. गावाकडं आलावता, आन हिकडं दुसऱ्यानंच त्याचं हजेरीचं कार्ड पंच केलं. त्या पाळीत माल गेला. म्हनले, कार्ड तुजं, चोर तू. दुसरं काय, म्हनून कुनीच इचारलं न्हाई. लाजंनं घर सोडलं त्यानं. अजून दार वाजलं की वाटतं, त्योच असंल.”

वायर सरळ झाली होती.

“येतो मी चौकशीला. पोरीला एकटी बसवू नगा.”

येत्या शनिवारी चौकशी आहे. तुम्ही कुठल्याही ऑफिसात असा, साहेबाच्या काचेखालची तुमची चिठ्ठी आजच उपटून काढा. आणि शनिवारी आमच्या गेटवर या. पासवर्ड तिचाच होता, असं कुणी म्हणालं की काकांच्या शेजारी उभं राहून मोठ्यानं विचारा, “हे झालं एक. दुसरं काय?”