पीप वाजेपर्यंत श्वास रोखून धरावा

रुग्णालयाच्या औषध खिडकीवर हातात धरायचा नवा स्कॅनर आला आणि त्याच दिवसापासून औषधं नाहीशी झाली. म्हणजे फळीवर होती, हातात होती. पण स्कॅनर काही 'पीप' म्हणेना. आणि वरून आदेश स्पष्ट होता: ज्या वस्तूवर स्कॅनर वाजत नाही, ती अस्तित्वात नाही असे समजण्यात यावे.

खिडकीवर बसायच्या जपूनताई. हे नाव सहकाऱ्यांनी उगाच नव्हतं ठेवलं. त्यांच्या घरी सोफ्याला प्लॅस्टिक, मिक्सरला प्लॅस्टिक, रिमोटला तर दोन पिशव्या. स्कॅनरच्या काचेवर कंपनीने चिकटवलेला दुधी कागदही त्यांनी जिवापाड जपला होता. "ओरखडा पडला तर जबाबदार कोण?" साहेबांनी त्याबद्दल त्यांचं भर बैठकीत कौतुक केलं होतं.

ताईंनी काय करायचं बाकी ठेवलं? डबी जवळ धरली, लांब धरली, तिरकी धरली, पदराने पुसली. स्कॅनर ढिम्म! मग तज्ज्ञ आले. त्यांनी चहा घेतला आणि निष्कर्ष काढला, की यंत्र निर्दोष असून समोर उभ्या रुग्णांच्या श्वासोच्छ्वासामुळे किरण विचलित होतात. लगोलग पाटी लागली: 'पीप वाजेपर्यंत रुग्णांनी श्वास रोखून धरावा.'

एका सकाळी त्या पाटीखाली ताईंचे सासरेच येऊन उभे राहिले. दमा जुना, घरातला पंप संपलेला, छातीत शिट्ट्या वाजत होत्या. ताईंनी फळीवरचा पंप काढून स्कॅनरसमोर धरला.

"बाबा, श्वास रोखा."

"अगं सूनबाई, तो घेता येत नाही म्हणून तर आलोय!"

"नियम आहे हो. तुम्हाला सूट दिली तर लोक मला नावं ठेवतील."

"अगं, पंप तुझ्या हातात आहे!"

"हातात आहे, बाबा. अस्तित्वात नाही."

बाबांनी बिचाऱ्यांनी श्वास रोखला. ते लाल झाले, मग निळे व्हायला लागले. "ताई, द्या की तो पंप!" रांग ओरडली. ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण बोट बटणावरच. शेवटी बाबांचा तोल गेला. आधाराला म्हणून त्यांनी खिडकीतून हात घातला तो स्कॅनरवरच पडला, आणि नखात अडकून दुधी कागद टर्रकन निघाला.

पीप!

ताईंनी रडतरडत पंप त्यांच्या तोंडाला लावला. साहेब धावत आले, त्यांनी फाटका कागद पाहिला आणि मटकन खाली बसले. दुपारपर्यंत काचेवर नवा कागद लागला, या वेळी दुहेरी. अहवालही वर गेला: रुग्णाने श्वास पुरेसा रोखल्यास यंत्र हमखास वाजते.

संध्याकाळी बाबा टीव्हीसमोर बसून रिमोट दाबत होते. काही केल्या चॅनेल बदलेना. त्यांनी पिशवीला नख लावलं मात्र, ताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अहो बाबा, फाडू नका! नवीन आहे!"

हसलात ना? हसा. आता तुमच्या घरचा रिमोट घ्या आणि पिशवीवरून बटण दाबा. नाही लागत? आणखी जोरात दाबा. आणि हो, श्वास रोखून.