बगळ्यांना लागलेला रंग

बेंदराच्या आदल्या दिवशी सासरी कोडोलीला गेलो आणि बैलांची शिंगं मी रंगवतो म्हणून बसलो. (कुणी विचारलं नव्हतं.) लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासरे, म्हणजे आमचे आण्णा, मला 'पावणं' म्हणून खुर्चीतच बसवतात. एकदा तरी घरचा माणूस व्हायचं होतं हो! आण्णांनी हुरमुंजाची, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाची, पुडी हातात दिली आणि बजावलं, शिंगाला हेच लावायचं, डब्यातला पेंट आपल्या दावणीला चालत न्हाय.

पण हुरमुंज फोटोत उठून दिसत नाही. म्हणून मी ऑइल पेंटचा केशरी डबा कोल्हापुरातनंच पिशवीत लपवून आणला होता. (कागल एमआयडीसीत स्टोअरला आहे, त्यामुळं रंगातलं आपल्याला कळतं असा एक समज.) आण्णा चावडीकडं गेले तशी शिंगं चकाचक केली आणि बैल बांधाला चरायला सोडले.

जरा वेळानं बघतो तर बैलांभोवती बगळे आणि सगळ्यांची डोकी केशरी! माना केशरी, पाठीवरही केशरी. दिवाळीला येतो तेव्हा हेच बगळे पांढरेशुभ्र असतात. ओला पेंट लागला, आता पाखरं शिवारभर मरून पडणार आणि गाव जावयाचं नाव घेणार. थिनरचा बोळा घेऊन त्यांच्यामागं धावलो. बगळे उडाले आणि मी थेट उकिरड्यात.

आरडाओरडा ऐकून आण्णा आणि बायको दोघंही पळत आले. शेणात कमरेपर्यंत उभं राहून मी हात जोडले.

"आण्णा, चुकलं. हुरमुंज नव्हे, ऑइल पेंट लावला. बगळ्यांना बाधला."

बायको, प्रियदर्शनी, शाळेत जीवशास्त्र शिकवते. ती आधी पोटभर हसली, मग वर्गात सांगावं तसं सांगू लागली. हे गायबगळे. विणीचा हंगाम आला की त्यांची डोकी-पाठ आपोआप केशरी होते, थंडीत परत पांढरी. "अहो, तुम्ही येता दिवाळीला, तुम्हाला कुठनं दिसणार?"

माझा जीव भांड्यात पडला. पाखरं सुखरूप होती, मी निर्दोष होतो. मीही हसायला लागलो.

आण्णा मात्र हसत नव्हते.

"बगळ्याचं कळलं, पावणं," ते म्हणाले. "त्या पेंटचं काय म्हणालासा?"