अखिल जंगल बर्फ-हॉकी महामंडळाचे पहिले गोल

एका जंगलात बर्फ मुळीच पडत नसे. पण मुलांनो, त्या जंगलाला बर्फावरच्या हॉकीचं महामंडळ मात्र होतं. शेजारच्या जंगलाने काढलं, म्हणून यांनीही काढलं.

महामंडळाचे अध्यक्ष होते भाऊसाहेब हत्ती. ते फार ज्येष्ठ होते. ज्येष्ठ म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते बसलेले असतात आणि आपण उभे असतो. चिटणीस होती घोरपडकाकू. ती एकदा खुर्चीला चिकटली होती, ती चिकटलीच. बाकी सभासदांत गवे होते, रानडुकरं होती. दर सभेला चहा व्हायचा आणि मागच्या सभेतल्या चहाला मंजुरी मिळायची. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

एके दिवशी उत्तरेकडून एक रानहंस निरोप घेऊन आला. जगातली पहिलीच हिवाळी स्पर्धा भरणार होती. तिच्यात बर्फावरची हॉकी होती. प्रत्येक जंगलाने सहा जणांचा संघ पाठवायचा होता.

"बर्फ म्हणजे नेमकं काय हो?" एका डुकराने विचारलं.

"गोठलेलं पाणी," भाऊसाहेब म्हणाले. "आणि पाण्याचा मला साठ वर्षांचा अनुभव आहे. मी त्यात बसतो."

टाळ्या झाल्या.

त्याच जंगलात, धबधब्याखाली, रेवू नावाची पाणमांजर राहायची. ती तरुण होती. दिवसभर ती शेवाळलेल्या कातळावरून घसरायची. हातात बांबूची वाकडी काठी, समोर एक चपटा दगड. घसरता घसरता गिरकी घ्यायची आणि दगड नेमका दोन मुळांच्या मधून मारायची. संघाची निवड आहे असं कळलं, तशी ती धावत आली.

"ही घसरते," घोरपडकाकू म्हणाली.

"खेळच घसरण्याचा आहे, काकू."

"चांगल्या घरातल्या मुली घसरत नाहीत."

भाऊसाहेबांनी सोंड उंचावली. "बाळ, आम्ही उभ्या आयुष्यात एकदाही घसरलो नाही."

"पण भाऊसाहेब, तुम्ही उभे कधी होता?"

मुलांनो, असं बोलू नये. खरं असलं तर मुळीच बोलू नये.

संघ वयानुसार निवडला गेला. भाऊसाहेब गोलरक्षक झाले, कारण त्यांच्यामागे गोल दिसतच नसे. तात्या गवा बचावाला. उरलेल्या जागा इतर ज्येष्ठांना. काकू व्यवस्थापक. आणि रेवू?

"पोरीला पेट्या उचलायला घ्या," भाऊसाहेब उदारपणे म्हणाले. "चार गोष्टी शिकेल."

रेवू गेली. तिला एकदा, फक्त एकदा, खऱ्या बर्फावर खरी मॅच खेळायची होती. मैदानापर्यंत पेटी उचलून पोहोचता येत असेल, तर पेटी उचलून.

उत्तरेत एक मोठं तळं गोठलं होतं. तिथे पांढऱ्या अस्वलांनी नुसता धुमाकूळ घातला होता. काळविटांना तीस-शून्य हरवलं. कोल्ह्यांना बावीस-शून्य. कोल्ह्यांचा गोलरक्षक शेवटी पाठीवर आडवा होऊन ढग बघत बसला.

सकाळी अस्वलांचा सराव चालू होता. पायांना हाडाची पाती बांधून ती सुसाट जात होती. रेवूने पेटी काठावर टाकली आणि बर्फावर उडी घेतली. पाती नाहीत, काही नाहीत, नुसतं पोट. ती दोन अस्वलांच्या पायांमधून सटकली, खेळाची चकती हिसकावली आणि गोलात घातली.

अस्वलांची कप्तान थांबली. ती एक दांडगी अस्वलीण होती.

"अगं ए, तू कुठली?"

"दक्षिणेतली. दुपारी तुमची मॅच आमच्याशीच आहे."

"छान! मग दुपारी असाच मारून दाखव."

"मी संघात नाही. मी पेटीवाली."

"मग संघात कोण आहे?"

रेवूने काठाकडे बोट दाखवलं. तिथे संघ उन्हात झोपला होता.

"हे?" कप्तान म्हणाली. "मला वाटलं, प्रेक्षक लवकर आले."

दुपार झाली. आधी तात्या गवा बर्फावर उतरले. त्यांचे चार पाय चार दिशांना गेले आणि तात्या खाली बसले.

"तात्या, उठा की!"

"मी मुद्दाम बसलोय," तात्या म्हणाले. "ही बचावाची जुनी पद्धत आहे."

ते पाहून बाकीचे ज्येष्ठ काठावरच थांबले. कोणाचा गुडघा दुखू लागला, कोणाला पथ्य आठवलं. मॅच रद्द होणार असं दिसू लागलं.

"ती पेटीवाली एकटी खेळली तरी आम्हाला चालेल," अस्वलांची कप्तान म्हणाली.

भाऊसाहेबांनी डोळे मिटून विचार केला. "बरं. पोरीला घ्या. पण माझ्या मार्गदर्शनाखाली."

रेवूने अस्वलांकडून पाती मागून घेतली आणि घट्ट बांधली. ती तळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. समोर सहा अस्वलं. ती हरणार होती, हे तिलाही माहीत होतं. पण एक गोल! एक तरी ती नक्की मारणार होती.

पंच होता एक म्हातारा वॉलरस. त्याने शिट्टी तोंडात धरली.

"थांबा!" घोरपडकाकू ओरडली. "उद्घाटन राहिलं!"

मग उद्घाटन झालं. भाऊसाहेब बोलले. काकूने भाऊसाहेबांबद्दल दोन शब्द सांगितले, ते बराच वेळ चालले. अस्वलं उभ्या उभ्या पेंगली. शेवटी भाऊसाहेबांनी नारळ सोंडेत धरला, डोक्यावरून तीनदा फिरवला आणि हत्तीच्या साऱ्या ताकदीनिशी तळ्यावर आपटला.

नारळ फुटला नाही. तळं फुटलं.

अस्वलं पोहत बाहेर आली. तात्या मात्र जुन्या पद्धतीने बसल्या बसल्याच बुडू लागले. रेवूने त्यांना ढकलत ढकलत काठाला लावलं. मग परत बुडी मारून नारळही वर आणला.

"शाबास!" भाऊसाहेब म्हणाले. "आण इकडे. नीट फुटला नाही, पुन्हा फोडू."

वॉलरसने शिट्टी तोंडातून काढली. "बर्फ नाही, मॅच नाही. निकाल नाही."

"म्हणजे आम्ही हरलो नाही?"

"हरायला खेळावं लागतं."

"हरलो नाही!" भाऊसाहेब गरजले. "सगळे हरले, आपण हरलो नाही!"

रेवूच्या अंगावरून पाणी निथळत होतं. काठी अजून हातातच होती. "भाऊसाहेब, मी खेळणार होते."

"खेळली असतीस तर हरलो असतो. तुम्हा आजकालच्या पोरांना जंगलाच्या अब्रूचं काही नाहीच."

अस्वलांची कप्तान जवळ आली. "आमच्या संघात एक जागा आहे. पण थंडी फार असते."

"थंडीचं काही नाही," रेवू म्हणाली. "तुमच्याकडे सभा होतात?"

"नाही बुवा."

"मग आले."

जंगलात अपराजित संघाची मिरवणूक निघाली. रेवूला जंगलद्रोही ठरवण्यात आलं. तिच्या कातळावरचं शेवाळ खरवडून काढण्यात आलं, म्हणजे दुसरं कोणी बिघडायला नको.

पुढच्या हिवाळ्यात स्पर्धा पुन्हा भरली. या वेळी पंचांनी उद्घाटनालाच बंदी घातली, त्यामुळे मॅच झाली. आपलं जंगल अस्वलांकडून चौतीस-शून्य हरलं. चौतिसांतले नऊ गोल रेवूने मारले.

तातडीची सभा भरली. चहा झाला. भाऊसाहेबांनी ठराव मांडला. "नऊ गोल मारणारी खेळाडू आपल्या मातीत जन्मली. आपल्या मार्गदर्शनाखाली घडली. तेव्हा ते नऊ आपले. त्यांच्याकडे उरले पंचवीस. आपण पंचवीस-नऊ असे लढत लढत हरलो. आपल्या महामंडळाचे हे पहिले गोल आहेत!"

घोरपडकाकूने खुर्ची न सोडता अनुमोदन दिलं. टाळ्या झाल्या. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रानहंसाने हे सगळं उत्तरेत जाऊन सांगितलं. रेवूने काठी बर्फावर दाणकन आपटली.

"पुढच्या वर्षी एकटी वीस मारते," ती म्हणाली. "मग बघू काय करतात."

"मग काय," हंस म्हणाला. "मग जिंकतील."

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांच्या मार्गदर्शनाशिवाय कोणीही पुढे जात नाही. ते जितकं जवळून मिळेल, तितकं आपण जास्त लांब जातो.