स्टुलावरचा पर्याय

"अहो, माळ्यावरून मोठं पातेलं काढून देता का?" बायको एवढंच म्हणाली होती. रविवारची सकाळ होती. संध्याकाळी सात वाजता ऑफिसातली सहा माणसं जेवायला यायची होती, आणि चार वाजेपर्यंत पातेलं चुलीवर चढायला हवं होतं. दुसऱ्या एखाद्या घरी नवऱ्याने स्टूल ओढलं असतं, पातेलं काढून दिलं असतं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं असतं. पण इथे गाठ डिझाइन इंजिनीअरशी होती. साहेबांनी पेपराची व्यवस्थित घडी घातली आणि विचारलं, "दर वेळी मीच का?"

बायकोला ही नेहमीची कुरकुर वाटली. पण कुरकुरीला या वेळी सबळ कारण होतं. मागच्या रविवारी साहेब त्याच स्टुलावरून घसरून थेट फरशी पुसायच्या बादलीत उतरले होते. (एक पाय बादलीत आणि एक बाहेर अशा थाटात ते हॉलपर्यंत चालत गेले, तेव्हा कुणीही हसलं नाही. निदान तोंडावर तरी नाही.)

तरी खरं दुखणं बादलीचं नव्हतं. या ऑफिसात त्यांना चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत त्यांची एकही कल्पना पास झाली नव्हती. तिथली रीत अशी, की यंत्राचा साधा दांडा बदलायचा झाला तरी चार जणांनी चार कल्पना भिंतीवर लावायच्या, निकष ठरवायचे, प्रत्येक निकषाला वजन द्यायचं आणि मग गुण मांडायचे. ज्या कल्पनेची बेरीज जास्त, ती बनवायची. साहेबांची कल्पना नेहमी दुसरी यायची. (दोनच कल्पना असतील तेव्हाही.) गेल्या महिन्यात त्यांचं झाकण दोन गुणांनी हरलं, तेव्हा ‘दिसायला सुबक’ या निकषाचं वजन एकावरून चार करावं, असं त्यांनी हळूच सुचवलं होतं. विभागाच्या प्रमुख मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हटलं, "निकाल बघून वजनं बदलायची नसतात." ते वाक्य माशाच्या काट्यासारखं साहेबांच्या घशात अजून अडकून होतं.

ऑफिसात नाही तर नाही, निदान घरात तरी आपली एक कल्पना जिंकावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि कल्पना तयारच होती. कप्पीची टोपली. दोरी ओढली की टोपली वर, सोडली की खाली. तीन महिने त्यांनी तिची चित्रं विजेच्या बिलांच्या पाठीमागे काढली होती, आणि कप्पी तर आणूनही ठेवली होती.

"माळ्याचं काय करायचं ते आज एकदाचं ठरवू," ते म्हणाले, "पण पद्धतशीर."

तक्ता आखायला लेकीला बसवलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि ती मध्ये मध्ये बोलत नसे. घरातच राहणाऱ्या सासऱ्यांना, म्हणजे बायकोच्या वडिलांना, कुणी बोलावलं नव्हतं, ते आपणहून आले. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला होता. घरात काही उघडलं-जोडलं जातंय म्हटल्यावर त्यांना खोलीत चैन पडणं शक्यच नव्हतं. शिडी आणू असं ते म्हणाले, पण शिडीचा प्रयोग होऊन गेला होता. दोन वर्षांपूर्वी आणलेली शिडी कुठेच मावली नाही, आठवडाभर सगळ्यांनी तिच्या पायऱ्यांमधून ये-जा केली आणि शेवटी ती परत गेली. तेव्हा सासऱ्यांनी दुसरी कल्पना मांडली : दोन माणूस उंचीचा चिमटा. घड्याळाच्या चिमट्यासारखाच, फक्त जरा मोठा.

"आणि पहिला रकाना आजच्या व्यवस्थेचा," साहेब म्हणाले. "ऑफिसात तिला डेटम म्हणतात. तिला प्रत्येक ओळीत शून्य. नवी कल्पना तिच्याहून सरस असेल तर अधिक, उणी असेल तर उणे."

लेकीने पहिल्या रकान्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘बाबा (स्टुलासह)’.

मग निकष. ‘कष्ट कमी’ याला साहेबांनी तीन वजन दिलं आणि ‘पडायची भीती नको’ याला चार. (बादलीकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.) ‘जागा अडू नये’ याला सासऱ्यांनी दोन दिलं. बायको आत काहीतरी चिरत होती. ती तिथूनच म्हणाली, की मागच्या रांगेतली वस्तू हुडकून काढता यायला हवी, त्याला पाच. आणि काढलेली वस्तू पुसून हातात मिळायला हवी, त्याला तीन. साहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट, तक्त्याखाली त्यांनी मोठ्या बाईंचं वाक्य लेकीकडून नियम म्हणून लिहून घेतलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. स्वतःची सही सर्वात मोठी केली.

गुण चाचणीनंतरच द्यायचे होते. दुपारची जेवणं उरकून कप्पी बसवायला तीन तास गेले. वजन म्हणून टोपलीत लेकीचं दप्तर ठेवलं, कारण घरात त्याहून जड काही सापडलं नाही. साहेबांनी दोरी ओढली. टोपली डौलात वर चढली. सासरे ‘वा’ म्हणाले, बायकोसुद्धा हात पुसत बाहेर आली. आणि माळ्याच्या तोंडाशी पोचताच दोरी कप्पीच्या खाचेतून निसटून कडेला जाऊन बसली.

टोपली आता वर जाईना की खाली येईना. दुसऱ्या दिवशी भूगोलाची परीक्षा होती आणि भूगोल टोपलीत होता. सासऱ्यांनी घाईघाईने पडद्याच्या दोन दांड्या बांधून चिमटा तयार केला. चिमट्याने दप्तर नाही धरलं, दप्तराची चेन धरली. पेन्सिली, कंपास आणि अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा साहेबांच्या डोक्यावर उतरला.

मग सगळ्यांनी फक्त स्टुलाकडे पाहिलं.

साहेब चढले. दोरी सोडवली, दप्तर खाली दिलं.

"वर आहातच," बायको म्हणाली, "तर तेवढं पातेलं."

पातेलं रजयांच्या मागे, जुन्या सुटकेसच्या पोटात होतं. साहेबांनी डोळे मिटून ते नुसत्या हातांनी हुडकलं, सवयीने बाहीने पुसलं आणि खाली दिलं. पावणेपाच वाजले होते.

लेक खाली बसून गुण मांडत होती. चिमट्याला उणे सात. कप्पीला उणे तीन. स्टुलाला शून्य. शून्य मिळवून पहिला नंबर आल्याचं त्या घरात पूर्वी घडलं नव्हतं.

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. मग लेकीच्या शेजारी बसून, आवाज अगदी खाली आणून, ‘हुडकणं’ याला पाच जरा जास्त होतात का, असं विचारलं.

लेक पेन्सिलीला टोक करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "बाबा, खाली सही आहे तुमची."

"पंधरा वर्षांपूर्वी स्थळं बघताना मला हा तक्ता माहीत असता ना, जावईबापू," सासरे म्हणाले, मग त्यांनी आपल्या मुलीकडे पाहिलं आणि उरलेलं वाक्य गिळून टाकलं.

पाहुणे सातला आले, जेवण आठला मिळालं, पण झालं मात्र झकास. गप्पा रंगल्या. साहेबही खुशीत होते. कप्पी बिघडल्याचं दुःख त्यांना तिसऱ्या वाढपापर्यंत टिकवता आलं नाही. तेवढ्यात गोड वाढायला वाट्या कमी पडल्या. जास्तीच्या वाट्या माळ्यावर होत्या. बायकोने नुसतं वर पाहिलं आणि साहेब उठले.

मोठ्या बाई पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेल्या होत्या. तिथे चुंबकाखाली तक्ता लावलेला होता. त्यांनी चष्मा चढवला, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, बेरजा तपासल्या, सह्यासुद्धा पाहिल्या आणि पहिल्या आलेल्या ‘बाबा (स्टुलासह)’वर बोट टेकवलं.

"चोख काम आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षांत यांची पहिलीच कल्पना पास झालेली बघतेय."

"छे हो," बायको म्हणाली, "ही कल्पना यांची कुठली? ही माझ्या सासूबाईंची."

इंजिनीअरसाहेब स्टुलावर उभे राहून, डोळे मिटून, सहावी वाटी हुडकत होते.