ट्रामगाडी वरल्या पेठेस चढली ते समयीचे वर्तमान

श्री. जी डोळ्यांस दिसत नाही आणि तारेतून धावते, त्या शक्तीस नमन करून लिहितो. शके १८२९, प्लवंगनाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी या नगरीच्या दोन पेठा, एक खालली आणि एक वरली, आणि मध्ये मोठी चढण. तेहतीस वर्षे रुळांवर घोड्यांची ट्राम चालत होती. सपाटीस दोन घोडी पुरत, चढणीपाशी आणखी दोन जोडावी लागत, आणि तरीही घोडी घसरून पडत, मग उतारू उतरून पायी जात. हे पाहून सरकारांनी मनी आणिले की, विजेची गाडी करावी. मग दूरदेशीहून यंत्रे आली, आणि रस्त्याने खांब उभे राहिले, आणि वर तांब्याची तार ओढली, आणि नदीकाठी वीज निपजविणारा कारखाना जाहला. लोक तोंडात बोट घालून पाहत, परंतु गाडीत बसावयास कोणी धजेना. तारेखाली बसणाराचे रक्त आटते, ऐशी वदंता उठली होती. तीन दिवस गाडी रिकामी चढली आणि रिकामीच उतरली.

ती हाकावयास हैबती पिसाळ यास नेमिले होते. घोड्यांची ट्राम त्याने बावीस वर्षे हाकिली. यंत्राधिकारी शेजारी उभे राहून सांगत आणि हैबती पितळी दांडा फिरवी. लगामातून जनावराचे मन हातास कळे, या दांड्यातून काहीच कळेना, म्हणून तो आतून भ्याला होता, परंतु कोणाजवळ बोलला नाही.

चौथे दिवशी दोन प्रहरी यंत्राधिकारी कारखान्यात गेले होते आणि हैबती खालल्या पेठेच्या नाक्यावर उभा होता, इतक्यात त्याचा धाकटा भाऊ धापा टाकीत आला. हैबतीची लेक सगुणा पहिल्या बाळंतपणास वरल्या पेठेत माहेरी आली होती. ती सकाळपासून अडली आहे, मूल आडवे आहे, तेथल्या सुइणीने हात टेकिले, गोजराबाईस आणा म्हणते, ऐसे त्याने सांगितले. आडवे मूल पोटावरून हाताने फिरविणारी नगरीत ती एकच, राहणारी खालल्या पेठेची. वय सत्तर, गुडघे गेलेले, आणि बैलगाडीस चढणीवर फार वेळ लागे. मग भाऊ जाऊन तिला हाताशी धरून घेऊन आला. नाक्यावरील लोकांनी पुष्कळ समजाविले की बसू नये. गोजराबाईंनी ऐकून घेतले आणि हैबतीस विचारिले, "ही वर जाईल?"

"एकट्याने कधी नेली नाही, मावशी. खोटे कशाला सांगू?"

"पण नेशील?"

"नेईन."

"मग हात दे."

ऐसे बोलून ती आत बसली, मागोमाग भाऊही बसला. हैबतीने दांडा फिरविला आणि गाडी मधाच्या पोळ्यासारखी गुणगुणत निघाली. रस्त्याचे लोक जागीच उभे राहिले. अर्धी चढण जाहली, आणि एकाएकी गुणगुण थांबली आणि गाडी मागे सरकू लागली. हैबतीने ब्रेकाचे चाक गरगर आवळिले आणि वाळूची कळ दाबून रुळांवर वाळू सोडिली, तेव्हा दहा हात मागे जाऊन गाडी ठरली. चाक सोडावे तर मरण, आणि धरावे तर किती वेळ, ऐसा प्रसंग. तो चाकास छाती लावून रेटून उभा राहिला. हे पाहून रस्त्याकडेचा लोहार, जो कालपर्यंत गाडीच्या सावलीस उभा राहत नव्हता, तो दोन दगड घेऊन धावला आणि चाकांमागे लाविता जाहला, आणि मग आणखी चारजण येऊन गाडीस खांदा देऊन उभे राहिले. कोणाचेही रक्त आटले नाही. इतक्यात तारेस ठिणगी उडाली, वीज परतली. हैबतीने ब्रेक हळूहळू सैल केला आणि दांडा फिरविला, तो गाडीने जीव तोडून ओढ घेतली, आणि ती ओढ त्याच्या तळव्यास प्रथमच कळली. चार घोडी जेथे गुडघे टेकीत, तेथून ती एकटी चढून गेली. हैबतीच्या डोळ्यांस पाणी आले.

वर पोहोचताच भावाचा हात धरून गोजराबाई हैबतीच्या घरात गेली. हैबती गाडी सोडून जाऊ शकेना, दांड्यास हात लावून उभा राहिला. घटका दोन गेल्या, आणि भाऊ येऊन बोलिला की मुलगी जाहली, दोघी सुखरूप आहेत. मग हैबती पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. यंत्राधिकारी धावत आले, कारखान्यात यंत्राचा पट्टा सुटून वीज गेली होती म्हणोन सांगितले, आणि सर्वांदेखत हैबतीस हात जोडिले.

परतीस गाडी माणसांनी भरली. गोजराबाईंनी हैबतीस सांगितले, "येताना मी डोळे मिटून होते. आता पुढे बसव, मला पाहायचे आहे." मग तिला पुढे बसविले, आणि गाडी उतरू लागली, आणि खाली सारी नगरी, तिची नदी, तिचे पूल, ऐसे उन्हात उघडे पडले. तीच नगरी सत्तर वर्षे तिने पायी हिंडून पाहिली होती. नाका आला तरी ती उतरली नाही.

एवंच, घोडी कुरणात सुटली, रूळ पुढे दाही वाटांस गेले आणि कालांतरे उखडलेही गेले. परंतु त्या दिवशी म्हातारी आणखी एक फेरी वर गेली, हे सत्य. इति.