जावईबापूंची मातीची पिचकारी

"हात मोडला म्हणून काय झालं? माझी मशीन आहे ना!" जावईबापूंनी छाती फुगवून जाहीर केलं आणि तिथेच माशी शिंकली!

बायको त्यांची कुंभारकाम करायची. बारा वर्षं अर्ज करकरून यंदा कुठे तिला प्रदर्शनात जागा मिळाली होती, तीही एका उंच फुलदाणीपुरती. आणि नेमका पाय घसरून उजवा हात प्लास्टरमध्ये! भट्टी पंधरा दिवसांनी लागणार, भांडं वाळायला दहा दिवस हवेत. म्हणजे मंगळवारी हे बोलणं झालं, आणि रविवारपर्यंत फुलदाणी उभी राहायलाच हवी होती. बिचारीचं दोनदा रडूनही झालं होतं.

जावईबापू पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. घरात एक थ्रीडी प्रिंटर धूळ खात पडला होता. त्याच्यावर त्यांनी घरीच बनवलेली मातीची पिचकारी बसवली. प्लंबिंगची जाड नळी, आत रबरी दट्ट्या, तो ढकलायला आट्यांचा दांडा आणि दांडा फिरवायला भंगारातली वायपरची मोटर. खालच्या तोंडातून मातीची वळी निघणार, प्रिंटर ती गोल गोल रचत जाणार, की झाली फुलदाणी! कागदावर सगळं झकास होतं.

बुधवारी बादलीभर मातीत दोनशे मिली पाणी घातलं. वळी सरसर निघाली, चार बोटं भिंतही उभी राहिली. जावईबापूंनी वहीत आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

गुरुवारी सकाळी तीच बादली, तीच माती, आणि मोटर नुसती गुरगुरतेय! माती दगड! त्यांनी आणखी पाणी घातलं आणि कामावर गेले. संध्याकाळी परत येऊन बटण दाबलं, तर टेबलभर चिखल!

"अगं, ही माती आहे की सरडा? घटकेघटकेला रंग बदलते!"

"मला काय विचारता? मशीन तुमची," बायको खाली बघून म्हणाली.

"हवा बदललीय, जावईबापू," लेकीच्या मदतीला राहायला आलेले सासरे पेपरामागून म्हणाले.

शुक्रवारपर्यंत वहीची अकरा पानं भरली. हवा लागू नये म्हणून बादली घरभर फिरली, शेवटी कपाटात गेली. तरी माती कधी दगड, कधी चिखल! आपण शाळेत विज्ञान शिकलो ते खरं होतं का, इथपर्यंत जावईबापूंना शंका यायला लागली.

शनिवारी ते रजा टाकून पडद्यामागे दबा धरून बसले. आधी सासरे आले. कपाट उघडून त्यांनी बादलीत बोट घातलं, चुकचुकले आणि झारीने पाणी घालून निघून गेले. पाठोपाठ बायको आली. "शी! काय हे!" म्हणत तिने डाव्या हाताने कोरडी माती मुठीमुठीने टाकली आणि कोपराने मळायला लागली.

"पकडलं!" जावईबापू पडद्यासकट बाहेर आले. "बाबा, तुम्हीपण या इकडे!"

"अहो, इतकी पातळ माती बघवत नाही मला," बायको म्हणाली. "हात शिवशिवतात!"

"आणि मी बघतो तेव्हा ती वाळलेली," सासरे म्हणाले. "तीस वर्षं माळीकाम केलं. सुकलेलं दिसलं की पाणी घालायचं, एवढंच कळतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढं लिहीत होता, म्हटलं काहीतरी शास्त्र चाललंय. आपण कशाला मध्ये तोंड घाला?"

रविवार उजाडला. बायकोने स्वतःच्या हिशोबाने घट्ट माती भरून घेतली. पाचव्या मिनिटाला मोटरने धूर सोडला. जावईबापूंनी दांड्याला हँडल लावून हाताने फिरवायला घेतलं, तर प्रिंटरचा हातच वाकला आणि पिचकारी त्यांच्या मांडीवर! संपलं सगळं, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. पण हात सवयीने फिरतच होते, आणि नळीच्या तोंडातून जाड, एकसारखी वळी बाहेर येत होती.

"थांबू नका! फिरवा!" बायको ओरडली. तिने ती वळी डाव्या तळव्यावर झेलली आणि पाटावर गोल रचायला सुरुवात केली. सासऱ्यांनी नळी धरली. "जरा हळू! आता जोरात! अहो, झोपलात का?" दिवे लागेपर्यंत कमरेएवढी फुलदाणी उभी राहिली.

प्रदर्शनात एक बाई फुलदाणीसमोरून हलेचनात. "किती एकसारख्या वळ्या! कुठल्या मशीनवर केलंत हो?"

जावईबापूंनी कॉलर नीट केली आणि खिशातून वही काढली.

बायकोने डाव्या हाताने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "ही काय, समोर उभी आहे. सारखं मागे लागावं लागतं, पण चालते!"

"आणि पाणी मी घालतो," सासरे म्हणाले.

मशीनने वही मुकाट्याने परत खिशात ठेवली.