सुधाकररावांचा कर्नल आणि चाकूरचे उंदीर

आमचे साडू सुधाकरराव वरण आणि भात एका ताटात येऊ देत नाहीत. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जेवायला बसलो, की त्यांच्यापुढं नुसत्या वाट्याच. भात वाटीत, भाजी वाटीत, लोणचंसुद्धा वाटीत. "एक पदार्थ बिघडला तर बाकीचे वाचले पाहिजेत, मोहनराव," असं मला समजावतात. मामी, म्हणजे आमच्या सासूबाई, कौतुकानं वाट्या भरत राहतात. मी एकदा धोंड्यावर तूप कमी पडलंय म्हणालो, तर "शुगर वाढंल तुमची" असं ऐकून घ्यावं लागलं.

मी त्यांच्यावर जळतो. सरळ सांगून टाकलेलं बरं.

सुधाकरराव नांदेडच्या एका कॉलेजात कम्प्युटर शिकवतात आणि उरलेल्या वेळात मायक्रोकर्नल बांधतात. कर्नल म्हणजे कम्प्युटर चालवणारा सगळ्यात आतला प्रोग्राम. नेहमीचा कर्नल आगाऊ सरपंचासारखा सगळीकडं नाक खुपसतो. सुधाकररावांचा मात्र एवढासा. त्यानं फक्त इकडचा निरोप तिकडं द्यायचा. कीबोर्ड दुसऱ्यानं सांभाळायचा, पडदा तिसऱ्यानं. "मधल्यानं आपली अक्कल चालवू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते लग्नाच्या बैठकीतही हेच बोलतात, त्यामुळं त्यांना मध्यस्थीला कुणी नेत नाही.

हा सगळा प्रोग्राम त्यांनी इंटरनेटवर उघडा टाकलाय. कुणीही घ्या, बदला, वापरा. अजून तरी कुणी घेतला नाही. घेतला तो एकाच माणसानं, आमच्या सासऱ्यांनी.

मामा रिटायर्ड हेडमास्तर. चाकूरच्या घरात त्यांचा जुना कम्प्युटर होता. सुधाकररावांनी त्यातलं चांगलं चाललेलं सगळं पुसलं. आता तो फक्त त्यांच्या पेनड्राइव्हवरून सुरू होतो. आणि सुरू होतो म्हणजे काय, तर काळ्या पडद्यावर एक ओळ येते, 'तयार आहे.' कशाला तयार, ते अजून ठरायचंय.

मला वाटलं, आता मामा चिडतील. कुठलं काय. "जावईबापूनं स्वतः बांधलंय," म्हणून आल्यागेल्याला दाखवतात. आता त्याच घरात मी बसवून दिलेला इन्व्हर्टर आहे. लाइट गेली तरी ती 'तयार आहे'ची ओळ चमकते, ती माझ्या इन्व्हर्टरवर. पण त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण तो कधी बंदच पडत नाही.

सुधाकररावांचं दर आठवड्याला बंद पडतं. मामांचा नांदेडला फोन जातो, "पेनड्राइव्ह गायब हाय बघा. उंदरानं नेला. लवकर या." आणि हा माणूस रविवारी एसटीत बसून चाकूरला हजर. टेबलाखाली वाकून बघणार, गंभीरपणे मान हलवणार, "हाव मामा, उंदीर लई झालेत," म्हणणार आणि नवा पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपवर सगळं पहिल्यापासून बांधायला बसणार. पडद्यावर ओळी पळत राहतात. मामा शेजारी खुर्ची ओढून बसतात. कळत काही नाही, तरी "आता कुठवर आलं?" विचारतात. असा दिवस जातो. मी लातूरला, तासाभराच्या अंतरावर. मला बोलावणं येतं ते दिवाळीला, नाहीतर धोंड्याला.

मागच्या महिन्यात बँकेच्या कामानं चाकूरला गेलो होतो, म्हणून घरी डोकावलो. मामा पाठमोरे होते. त्यांनी कम्प्युटरचा पेनड्राइव्ह ओढून काढला, बंडीच्या खिशात घातला आणि फोन लावला, "सुधाकरराव, उंदरानं पुन्हा नेला बघा."

मी दारातूनच पाय न वाजवता मागं फिरलो. काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढा शिकलेला माणूस, आणि म्हातारा त्याला खेळवून राहिलाय.

रविवारी मुद्दाम गेलो. मामा पूजेला बसले होते. सुधाकररावांना अंगणात गाठलं आणि सगळं सांगितलं, चांगलं चवीनं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठाऊक हाय मला. पहिल्याच वेळी त्यांच्या खिशातून पेनड्राइव्हची दोरी लोंबत होती."

"मग दर आठवड्याला धावत कशाला येता?"

"मी रांगत होतो तेव्हा वडील गेले, मोहनराव. बोर्डिंगात वाढलो. सुट्टी लागली की पोरांना न्यायला त्यांचे वडील यायचे. मी फाटकापर्यंत जाऊन त्यांना सोडून यायचो." चष्मा परत डोळ्यांवर गेला. "'लवकर या' असं मला या घराच्या आधी कुणी म्हणालंच न्हाई. त्यांच्यापाशी बोलू नका. बोललात तर फोन बंद होईल."

मला राग आला तो माझ्या इन्व्हर्टरचा.

जेवणं झाली. सुधाकरराव शोधाशोध करायला बाहेरच्या खोलीत गेले, तसं मामांनी मला आत बोलावून दार लोटलं. बंडीतून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला.

"हे लातूरला घेऊन जा. कपडे धुताना तुमच्या मामीला सापडून राहिलेत. तुम्ही भरवशाचे आहात." मग जरा घुटमळून म्हणाले, "आता दर रविवारी येत जा. पुढचे न्यावे लागतील."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'येत जा' हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

बाहेर आलो. सुधाकरराव टेबलाखाली शिरले होते, नुसते पाय दिसत होते.

"सापडला का?" मामांनी विचारलं.

"न्हाई ना," आतून आवाज आला. "मोहनराव, तुम्हाला काय वाटतं?"

मी खिसा नीट दाबला, गुडघ्यांवर बसलो आणि त्यांच्या शेजारी टेबलाखाली डोकं घातलं.

"उंदीरच," मी म्हणालो. "लई माजलेत."